छातीवर मुद्रा कोणाची?

फेब्रुवारीची एकोणीस तारीख. शाळेचे पटांगण भगव्या पताकांनी सजलेले असते. व्यासपीठावर शिवछत्रपतींची तसबीर, तिला झेंडूचा हार, समोर सतरंजीवर बसलेली मुले. सातवीतील एखादी चिमुरडी प्रतापगडाचा प्रसंग अशा काही आवेशाने उभा करते की मागच्या रांगेतील पालकही सावरून बसतात. पहिला क्रमांक अर्थातच तिचा. प्रमुख पाहुणे टाळ्यांच्या गजरात तिच्या हाती करंडक ठेवतात. प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर सोनेरी मुलामा, खाली काळी बैठक आणि सर्वांत वर, पंख पसरून पर्णमाला उंचावलेली एक स्त्री. करंडक घरी येतो, दूरचित्रवाणी संचाशेजारी त्याला जागा मिळते आणि आजी सहज विचारते, "ही बाई कोण गं?" नातीला सांगता येत नाही. तिच्या गुरुजींनाही सांगता आले नसते. ज्या दुकानातून असे डझनभर करंडक आले, त्या दुकानदाराला तर हा प्रश्नच कधी पडलेला नाही.

ती बाई म्हणजे रोमन लोकांची विजयदेवता. ग्रीकांकडून रोमकडे, रोमकडून साऱ्या युरोपकडे आणि युरोपकडून इंग्रजांच्या तोफांपाठोपाठ ती या देशात आली. महाराष्ट्राशी तिची जुनी ओळख आहे. ती ओळख कोणत्या प्रसंगी झाली हे कळले, तर शिवजयंतीचा तो करंडक हाती घेताना बोटे चळल्याशिवाय राहणार नाहीत.

सन १८५१ मध्ये इंग्रजांनी 'आर्मी ऑफ इंडिया' या नावाचे एक चांदीचे पदक मंजूर केले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात हिंदुस्थानात झालेल्या लढायांतील हयात सैनिकांसाठी ते होते. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मस्तक; दुसऱ्या बाजूस हाती पर्णमाला घेऊन बसलेली हीच विजयदेवता, आणि तिच्या शेजारी, हिंदुस्थानची खूण म्हणून, एक कमळ. पदकाच्या फितीवर लढाईचे नाव कोरलेली पट्टी लावण्याची पद्धत होती. अशा एकूण २१ पट्ट्या ठरविल्या गेल्या. त्यांपैकी नेपाळ, ब्रह्मदेश आणि भरतपूर या तीन वगळल्या, तर उरलेल्या १८ पट्ट्या शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे या मराठी सत्तांविरुद्धच्या लढायांच्या आहेत. असई, अडगाव, गाविलगड, लासवाडी, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर. मराठ्यांच्या राज्याचा अस्त कसा होत गेला, याची ती धातूत कोरलेली अनुक्रमणिकाच होय. त्या अस्तावर माळ घेऊन बसलेली देवता आज शिवजयंतीच्या बक्षिसावर उभी आहे, आणि याचे कोणाला काही वाटत नाही!

इंग्रज हा व्यवहारी माणूस. निव्वळ हौसेखातर त्याने धातू वितळविला नाही. जेत्याने इतिहास लिहायचा तो केवळ ग्रंथांत नव्हे. तो माणसांच्या छातीवर लिहायचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. १८५७ च्या संग्रामानंतरही त्याने तेच केले. त्या पदकावर सिंहाशेजारी उभी राहून माळ पुढे करणारी ब्रिटानिया आहे आणि पट्ट्या पाच आहेत. त्यांतील 'सेंट्रल इंडिया' ही पट्टी झाशी, काल्पी, ग्वाल्हेरच्या मोहिमेची, म्हणजे राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्याबद्दलची. इकडे राणीच्या नावाने ओव्या रचल्या जात होत्या आणि तिकडे तिचा पाडाव पदक होऊन विलायतेतील घराघरांच्या काचकपाटांत जाऊन बसला होता.

या पदकाला पहिले उत्तर मिळाले ते थेट लंडनमध्ये. संग्रामाला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा इंग्लंडमध्ये विजयाचे स्मरण चालले होते. त्याच वेळी स्वातंत्र्यवीर सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५७ च्या हुतात्म्यांचा सन्मान करणारे बिल्ले तयार करवून घेतले आणि हिंदी विद्यार्थी ते कोटावर लावून उजळ माथ्याने रस्त्यांतून हिंडू लागले. ठिकठिकाणी खटके उडाले. हरनामसिंग आणि खान या दोघा विद्यार्थ्यांना बिल्ला काढा असे बजावण्यात आले. त्यांनी महाविद्यालय सोडले, बिल्ला सोडला नाही. एक शीख, एक मुसलमान, आणि दोघांच्या छातीवर १८५७! बोटभर लांबीच्या त्या वस्तूत काय सामर्थ्य होते, हे ती काढायला लावणाऱ्यांना समजले होते. स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांना ते समजले का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर टांकसाळीच्या नोंदींतच सापडते. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले १९६४ मध्ये, पंडित नेहरूंचे. १९६९ मध्ये महात्माजींचे निघाले, ते सर्वथा योग्यच होते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी, १९८९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त पुन्हा नेहरू, १९९१ मध्ये राजीव गांधी, तेही त्यांच्या निधनाच्याच वर्षी. आणि ज्यांनी स्वतःच्या नावाने स्वतंत्र चलन पाडून परकी सत्तेला आव्हान दिले, त्या शिवछत्रपतींचे? १९९९ मध्ये. स्वातंत्र्यानंतर तब्बल ५२ वर्षांनी. मधल्या काळात संधी आली नव्हती असेही नाही. १९७४ हे राज्याभिषेकाचे त्रिशताब्दी वर्ष होते. टपाल खात्याने एक तिकीट काढून आपले कर्तव्य उरकले. टांकसाळीनेही त्या वर्षी स्मारक नाणी पाडली. विषय होता, 'नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न'. कुटुंबनियोजनाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु तीनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या तिथीला राष्ट्राच्या टांकसाळीला आठवले ते हे, याची नोंद इतिहासाने घेतलेली बरी.

तो काळ सरला. अलीकडच्या वर्षांत विस्मृतीत ढकललेल्यांची आठवण राज्यकर्त्यांना होऊ लागली आहे. गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वानिमित्त २०१९ मध्ये ३५० रुपयांचे नाणे निघाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. याबद्दल समाधान जरूर मानावे. पण समाधानातही डोळे उघडे ठेवावेत. ही नाणी बाजारात चालण्यासाठी नसतात. ती मखमली पेटीत बंद होऊन, दर्शनी किमतीहून कितीतरी अधिक भावाने, नोंदणी करणाऱ्या संग्राहकांच्या हाती जातात आणि तेथून बँकेच्या लॉकरमध्ये. ज्या अहिल्यादेवींनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या, म्हणजे जे केले ते सर्वांसाठी केले, त्यांची मुद्रा चौंडीच्या किंवा महेश्वरच्या शाळेतील मुलीला हाताळायलाही मिळू नये, याला स्मरण म्हणायचे की साठवण?

येथे अमेरिकेचा दाखला देणे भाग आहे. राष्ट्रपुरुषांचे पदक म्हटले की नाके मुरडणाऱ्या आपल्याकडील पुरोगामी मंडळींना निदान तो तरी पटावा. २५ मार्च १७७६ रोजी त्यांच्या काँग्रेसने बोस्टन मुक्त केल्याबद्दल जॉर्ज वॉशिंग्टनला सुवर्णपदक देण्याचा ठराव केला. तारीख नीट पाहावी. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला ४ जुलैला. म्हणजे राष्ट्राचा जन्म व्हायचा होता, खजिन्यात खडखडाट होता, पदक पाडायला स्वतःची टांकसाळ नव्हती. पण ठराव झाला होता. ते पदक पुढे फ्रान्समध्ये तयार झाले. त्या मालिकेच्या कामात पॅरिसमध्ये वकील असलेल्या जेफरसनने जातीने लक्ष घातले. मूळ सोन्याचे एकच, पण त्याच ठशातून कांस्याच्या प्रती निघाल्या, आणि पुढे अशा पदकांच्या कांस्यप्रती सामान्य नागरिकाला विकत देण्याची रीतच तेथील टांकसाळीने पाडली. सोने वीराला, कांस्य जनतेला! फ्रान्सने तर याच्याही आधी, १६६३ मध्ये, पदकांवरील चित्रे आणि लेख ठरविण्यासाठी विद्वानांची एक समितीच नेमली होती. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीचा इतिहास पदकांच्या रूपाने ग्रंथबद्ध झाला तो १७०२ मध्ये. राजा गेला, राजेशाही गेली, पदके आहेत.

कांस्य म्हटले की आपल्याकडे चटकन तिसरा क्रमांक आठवतो. १९५२ मध्ये हेलसिंकीहून खाशाबा जाधवांनी आणलेले कांस्यपदक कराडकरांनी बैलगाड्यांच्या मिरवणुकीने डोक्यावर घेतले, कारण त्यामागचे कर्तृत्व त्यांना कळत होते. धातूची प्रतवारी ही ऑलिंपिकची देणगी. इंग्रजांनी तर तिला वर्णभेदाचे रूप दिले. पहिल्या महायुद्धाचे त्यांचे पदक सैनिकाला चांदीचे असे आणि ओझी वाहणाऱ्या हिंदी, चिनी मजुरांना तेच पदक कांस्याचे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातून त्या युद्धात ४६ जवान कामी आले. अशा गावांतील घराघरांत पंचम जॉर्जच्या चेहऱ्याची पदके पिढ्यान् पिढ्या चिंचेने घासून जपली गेली. त्या घरांना दोष देण्याचा करंटेपणा कोणी करू नये. त्या पदकामागचे रक्त त्यांच्याच माणसाचे होते. चेहरा तेवढा दुसऱ्याचा होता.

स्वतंत्र भारताने मात्र या धातूला त्याचा मान परत दिला, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. परमवीरचक्र कांस्याचे आहे. भारतरत्नाचे पिंपळपान कांस्याचे आहे. परमवीरचक्राची घडण केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, विवाहाने मराठी, आणि अभ्यासाने अशा भारतीय की पदकावर काय असावे हे त्यांना युरोपकडून उसने घ्यावे लागले नाही. रोमची पंखवाली देवता नको, पर्णमाला नको, सिंहाच्या पायाशी पडलेला शत्रूही नको. त्यांनी चार बाजूंना इंद्राचे वज्र ठेवले. दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून वज्र घडले, ही कथा ज्याला माहीत आहे त्याला परमवीराच्या बलिदानाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. मेजर सोमनाथ शर्मांपासून कारगिलच्या वीरांपर्यंत प्रत्येक परमवीराच्या नावाशी ते वज्र जोडलेले आहे. पाऊण शतकापूर्वी हा वस्तुपाठ डोळ्यांसमोर असताना गल्लीतल्या स्पर्धेला मात्र रोमची देवता लागते!

पदकाला विरोध करणाऱ्यांचा एक ठेवणीतला आक्षेप असतो. नाण्यावर, पदकावर माणसाचा चेहरा घालणे ही आपली परंपराच नव्हे, असे ते म्हणतात. आणि पुरावा म्हणून शिवराईकडे बोट दाखवतात. शिवराईवर महाराजांचा चेहरा नाही हे खरे आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', एवढेच त्या तांब्याच्या तुकड्यावर आहे, आणि एवढ्याच बळावर तो इंग्रजी अमदानीतही मराठी बाजारात चालत राहिला. परंतु महाराष्ट्राची परंपरा शिवराईपासून सुरू होत नाही. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर त्यांचे मुखवटे आहेत. समुद्रगुप्त सुवर्णनाण्यावर वीणा वाजवीत बसला आहे. आणि १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे जे घबाड सापडले त्याची तर प्रत्येक शाळेत गोष्ट सांगायला हवी. शक क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी तेथे मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर, नहपानाचा चेहरा असलेल्या त्याच नाण्यांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नाणी वितळविण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. परक्याचा चेहरा खाली, आपली मुद्रा वर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाला जे सुचले, ते करंडक खरेदी करणाऱ्या आजच्या समित्यांना का सुचू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. एवढे भव्य पुतळे उभे राहत असताना या तळहाताएवढ्या वस्तूचे काय घेऊन बसलात? पुतळे हवेतच. धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतारांनी घडविलेली सरदार पटेलांची १८२ मीटरची मूर्ती पाहून कोणाचा ऊर भरून येत नाही? (जाता जाता हेही सांगायला हवे की, विद्यार्थिदशेत जे. जे. कलाशाळेत मूर्तिकलेसाठी त्यांना जे सुवर्णपदक मिळाले ते मेयो या व्हाइसरॉयच्या नावाचे होते.) परंतु भव्यतेच्या घाईत काय घडते हे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी प्रत्येक शिवभक्ताची मान खाली गेली. विरोधकांनी राजकारण केले हे खरे. पण त्यांना ती संधी वाऱ्याने दिली नव्हती, ती घाईने दिली होती. तेथे नवा पुतळा २०२५ मध्ये उभा राहिला, हे चांगलेच झाले.

पदकाला घाई चालतच नाही. शिल्पकार आधी मोठ्या आकारात उठावाची मूर्ती घडवितो. तिचा साचा घेऊन, पॅन्टोग्राफच्या तत्त्वावर चालणारे यंत्र ती रेष न् रेष लहान करीत पोलादी ठशात उतरविते. मग कांस्याची चकती दाबयंत्राखाली जाते. उठाव जास्त असेल तर एका दाबात काम होत नाही. चकती पुन्हा तापवून मऊ करायची, पुन्हा दाबायची. असे अनेकदा. शेवटी रासायनिक प्रक्रियेने तिला तो गडद, तपकिरी रंग येतो. ठसा पोलादात कापला जाण्यापूर्वी टोपाची ठेवण, दाढीचा आकार, तलवारीची मूठ या सर्वांचा निकाल लागलेला असावा लागतो. महाराजांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल समकालीन चित्र उजेडात आणले. त्याआधी भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी म्हणून खपत होते! इतकी मोठी चूक एकदा घडून गेलेल्या समाजाने दिनदर्शिकेवरच्या चित्रावरून ठसा कापू नये.

मूर्तिकारांची उणीव महाराष्ट्राला कधीच नव्हती. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी १९२८ मध्ये पुण्यासाठी महाराजांचा अश्वारूढ पुतळा अखंड ओतवून घेतला. आज शतक होत आले तरी तो तसाच उभा आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचे महाराज सदाशिव साठ्यांचे. मुंबईच्या फोर्टात सरकारी टांकसाळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. कलावंत येथलेच, यंत्रे येथलीच, पराक्रमही येथलाच. मग अडले कोठे? अडले ते मागणी करणाऱ्यांपाशी. एका गावचा पुतळा मागायला मोर्चा निघतो. पदक मागायला साधा अर्जही कोणी करीत नाही.

पदकाने काय साधते, याचा पुरावा पुण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्कृष्ट छात्राला १९९९ पासून लाचित बडफुकन यांच्या नावाचे सुवर्णपदक देण्यात येते. १६७१ मध्ये सराईघाटच्या लढाईत मोगलांना ब्रह्मपुत्रेवर अडविणारा हा आसामचा सेनानी. देशातील पाठ्यपुस्तकांनी त्याला एक ओळ दिली नव्हती, तेव्हापासून पंजाबचा, केरळचा, महाराष्ट्राचा छात्र ते नाव छातीशी धरून सैन्यात दाखल होत आला आहे. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे संस्कृतमध्ये प्रथम येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. चिंतामणराव देशमुखांसारखा बुद्धिमंत तिचा मानकरी. नाना शंकरशेटांनी मुंबई घडविली हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. पण त्यांचे नाव मध्यमवर्गीय मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या आदराने उच्चारले गेले ते या पारितोषिकामुळे.

१९ फेब्रुवारी २०३० रोजी शिवछत्रपतींच्या जन्माला ४०० वर्षे पूर्ण होत आहेत. सोहळे होतील, मिरवणुका निघतील, मखमली पेटीतले एखादे नाणेही निघेल. त्याबरोबर एक कांस्यपदक निघाले पाहिजे: इतिहास संशोधकांनी तपासलेले, खुल्या स्पर्धेतून निवडलेल्या शिल्पकाराने घडविलेले, सरकारी टांकसाळीत पाडलेले आणि शाळामास्तराला स्वतःच्या खिशातून विकत घेता येईल अशा किमतीचे. एका बाजूस महाराज. दुसऱ्या बाजूस रायगड असो, राजमुद्रा असो की जलदुर्ग, ते जाणत्यांनी ठरवावे. त्यापाठोपाठ अहिल्यादेवी, राणी लक्ष्मीबाई, लाचित, बिरसा मुंडा. शासनाने हे करावे म्हणून प्रत्येक जिल्ह्यातून निवेदने जायला हवीत, आणि ती याच वर्षी, कारण वर सांगितलेले सारे सोपस्कार पाहता उरलेला वेळ मुळीच जास्त नाही.

तोवर शाळांच्या विश्वस्तांना, गणेशोत्सव मंडळांना आणि व्याख्यानमालांच्या चालकांना हात बांधून बसण्याची गरज नाही. कोल्हापूर, पुणे, नाशिक येथील ओतकाम करणाऱ्या कारागिरांकडे एखाद्या स्थानिक शिल्पकाराचा साचा नेला तर शंभर-दोनशे पदके सहज निघतात. पाच शाळांनी मिळून काम दिले तर खर्चही वाटला जातो. स्नेहसंमेलने डिसेंबरात असतात आणि करंडकांची यादी दिवाळीची सुट्टी संपताच दुकानात जाते. साच्याचे काम गणपतीच्या सुमारास हाती घेतले तर पदके वेळेवर मिळतील.